एकोणीस पायऱ्यांच्या सिस्टर

भाडेकरू म्हणून सिस्टरांनी आम्हाला पसंत केलं ते चालताना बघून. आडनाव विचारलं नाही, मटण खाता का विचारलं नाही, नवऱ्याची नोकरी कायमची आहे का तेही विचारलं नाही. घर शोधून शोधून या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ झाली होती, ती वाया गेली. सिस्टर अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हौदापासून फाटकापर्यंत चालून दाखव बरं."

मी चालले. लग्न ठरवतानासुद्धा मला कुणी असं चालायला लावलं नव्हतं.

"टाच उचलती. चालंल," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याची पाळी आली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब पाय घासतेत. यांना मागून पट्टा असलेल्या चपला घ्या आधी. मग सामान आणा."

आम्ही त्याच संध्याकाळी चपला घेतल्या. घर चांगलं होतं, अंगण होतं, आणि मला मोगरा लावायचा होता.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली. आम्ही राहायला गेलो तेव्हा वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, केस पांढरे पण वेणी घट्ट, आणि आवाज असा की तीन घरांपलीकडचा माणूस औषध घ्यायला उठावा. गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा फार लवकर गेला होता आणि एकुलता एक मुलगा पुण्यात इंजिनिअर होता. खाली आम्ही, वर दोन खोल्या आणि गच्चीत त्या एकट्या. मध्ये एकोणीस पायऱ्यांचा जिना, घराच्या बाहेरून गेलेला.

या जिन्याइतकी बडदास्त मी कुठल्या माणसाची ठेवलेली पाहिली नाही. दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी पाइप, खाली दिव्याचं बटन, वरही बटन. दरवर्षी दिवाळीच्या आधी सिस्टर स्वतः बसून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारायच्या. दोन दिवस जिना वाळायचा आणि त्या वर अडकून पडायच्या. या दोन दिवसांची भाजी आधीच घेऊन ठेवलेली असायची.

जिन्याचे कायदे होते. पहिला कायदा, एक हात जिन्याचा. म्हणजे चढताना-उतरताना एक हात पाइपावर पाहिजे, दोन्ही हातांत सामान घेऊन कुणी चढायचं नाही. सामानासाठी गच्चीवरून कप्पीला बांधलेली टोपली खाली यायची. दूध त्यातून जायचं, भाजी त्यातून जायची, पोस्टमन पत्र त्यात टाकून दोरी हलवायचा. मुलाची बायको पहिल्यांदा नवी पर्स घेऊन आली तेव्हा तिलाही ती टोपलीत ठेवावी लागली. पर्स हवेत लटकत वर गेली आणि ती बिचारी खालून तिच्याकडं बघत पायऱ्या चढली. बुद्धपौर्णिमेला याच टोपलीतून आमच्यासाठी खिरीचं पातेलं उतरायचं. पातेल्याला चारही बाजूंनी सुतळी बांधलेली असे आणि खीर कधी सांडली नाही.

दुसरा कायदा, पायऱ्या मोठ्यानं मोजायच्या. हा फक्त त्यांच्यापुरता होता. रोज सकाळी सात वाजता वरून आवाज यायचा, "एक... दोन... तीन..." त्या आडव्या उतरायच्या, दोन्ही हात एका पाइपावर, आधी एक पाय, मग दुसरा. एकोणीस म्हटलं की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पोचायच्या. नवरा त्यावर घड्याळ लावायचा. मी एकदा विचारलं, "सिस्टर, इतक्या वर्षांत पाठ झाल्या असतील, मोजायच्या कशाला?"

"पाठ झालंय म्हणणारेच येतेत गं वॉर्डात," त्या म्हणाल्या. "शेवटची पायरी झाली असं वाटतं आन एक शिल्लक असती."

तिसरा कायदा, पायरीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. कुंडी नाही, चप्पल नाही, पेपरसुद्धा नाही. आमच्याकडं माझा कोर्टातला एक सहकारी आला आणि त्यानं हेल्मेट पहिल्या पायरीवर ठेवलं. ते आम्हाला संध्याकाळी हौदाच्या झाकणावर सापडलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ती एका म्हातारीची शिस्त झाली असती. पण सिस्टर गल्लीतली पायपुसणी जप्त करायच्या.

सकाळी एकोणीस मोजून झाले की त्या फेरीला निघत. ज्या ज्या घरात साठीच्या पुढचं माणूस राहतंय तिथं चहाच्या निमित्तानं शिरायचं, चहा प्यायचा आणि निघताना दारातलं नाहीतर न्हाणीघरासमोरचं पायपुसणं गुंडाळून काखेत मारायचं. विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "यमदूत रेड्यावर बसून येतो असं तुम्हाला वाटतं. आमच्या वॉर्डात तो पायपुसण्यावर बसून यायचा."

एकदा कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर तावातावानं आमच्या अंगणात आले. त्यांच्या बायकोनं स्वतः विणलेलं, मोराचं चित्र असलेलं पायपुसणं गेलं होतं. खालून ते ओरडले, "सिस्टर, ही सरळ चोरी हाय!"

गच्चीवरून उत्तर आलं, "मोर भिंतीवर लावा, सर. वहिनींचा खुबा मोडला तर लावायला दुसरा नाय मिळत."

टोपली खाली आली. त्यात मोर होता, आणि त्याच्यासोबत चार खिळे. सरांनी तो खरोखर भिंतीवर लावला आणि आल्या-गेल्याला दाखवायलाही लागले.

काढून घेत तसं त्या देतही. न्हाणीघरात धरायला दांडा पाहिजे हा त्यांचा आग्रह. प्लंबरला स्वतः घेऊन जायच्या, माणसाला पाटावर बसवून उठायला लावायच्या, हात नेमका कुठं जातो तिथं भिंतीवर खडूची खूण करायच्या. लोक लाजायचे. दांडा लावला म्हणजे आपण म्हातारे झालो असं जाहीर केल्यासारखं वाटायचं त्यांना. "मोडल्यावर सगळेच लावतेत," सिस्टर म्हणायच्या, "आधी लावला तर काय पाप लागतं?" आमच्या गल्लीत फिरलात तर अजूनही जवळजवळ प्रत्येक न्हाणीघरात एक दांडा दिसेल, आणि बहुतेकांवर पंचा वाळत घातलेला असेल.

गुलमंडीत साडी घ्यायला गेलो तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. दुकानाची पायरी गुडघ्याएवढी उंच. सिस्टरांनी ती एकदा बघितली, मालकाकडून स्टूल मागवलं आणि रस्त्याच्या कडेला ठाण मांडलं. "साड्या खाली आना."

"मावशी, असं कसं, वर या ना, गादीवर बसा."

"मला चढायला गुडघे लागतेत. साड्यांना गुडघे नाय. त्यांना उतरवा."

भर बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांपासून पाय आवरत, त्यांनी चौदा साड्या उलगडायला लावल्या आणि एक घेतली. पुढच्या खेपेला गेलो तर दुकानासमोर आणखी एक बुटकी पायरी आलेली होती. त्यांनी पायानं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हलती," आणि परत स्टूल मागवलं.

आता मुलाबद्दल. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट ठरवायची सवय असते. दर दिवाळीला यायचा, आणि दर दिवाळीला एकच विषय काढायचा. आई, पुण्याला चल. नाहीतर निदान खाली राहा, भाडेकरूंना वर जाऊ दे. हे शेवटचं तो माझी नजर चुकवून बोलायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण तोवर माझा मोगरा छातीएवढा झाला होता. सिस्टर नाही म्हणायच्या तेव्हा मला बरं वाटायचं, हे मी आज कबूल करते.

शेवटी एका दिवाळीत सिस्टर वैतागल्या आणि म्हणाल्या, "कागद करू." मी कोर्टात स्टेनो, त्यामुळं कागद मीच टाइप केला. मजकूर त्यांचाच होता: जिन्यावर ज्या दिवशी मी पहिल्यांदा पडेन, त्या दिवशी मुलाकडे पुण्याला राहायला जाईन. तोपर्यंत मुलाने हा विषय काढू नये. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून माझी. मुलगा हसत सही करून गेला. पण सिस्टरांनी तो कागद कपाटात, नोकरीच्या कागदांसोबत ठेवला. त्या दिवसापासून जिन्यावरचं त्यांचं मोजणं जरा अधिक सावकाश झालं.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाच-सहा दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, आणि येतं तेव्हा घरातलं माणूस आजारी असो की परीक्षेला बसलेलं असो, आधी पाणी. त्या उन्हाळ्यात एकदा आठवा दिवस उजाडला होता. पाणी आलं आणि दहा मिनिटांत वीज गेली. मोटार बंद, त्यामुळं सिस्टरांच्या वरच्या टाकीत थेंब नाही. मग घागरी, हंडे, डबे, तेलाचे रिकामे कॅन, जे हाताला लागेल ते नवरा खाली भरायचा, मी वर न्यायची. एक हात जिन्याचा हा कायदा त्या दिवशी आपोआप रद्द झाला. वरची न्हाणी भरली, गच्ची भरली. मी घागर घेऊन जिन्यात उभी राहिले आणि विचारलं, "सिस्टर, ही कुठं?"

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. नळाची धार बारीक होत चालली होती.

"ठेव तिथंच पायरीवर," त्या म्हणाल्या. "मागून उचलू."

वरून पंधराव्या पायरीवर, कडेला, मीच ठेवली ती. दुसऱ्या कुठल्या गावात त्या असं म्हणाल्या नसत्या आणि मीही ऐकलं नसतं. आठ दिवसांनी आलेलं पाणी दिसलं की आमच्याकडं शहाण्यातला शहाणा माणूस एवढा एकच विचार करतो की भांडं कुठं टेकवू. मग नळ गेला, आम्ही दमून बसलो आणि ती घागर कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

दुपारी मी भांडी घासत होते. वरून मोजणं सुरू झालं. बारा, तेरा, चौदा. मग पंधरा आलंच नाही. घागर गडगडत माझ्या दारासमोरच्या तीन पायऱ्यांशी येऊन थांबली, तिच्यामागून पाणी, आणि मी साबणाच्या हातांनी बाहेर धावले.

सिस्टर शेवटच्या पायरीशी बसल्या होत्या, भिजलेल्या, एक हात अजून पाइपावर. मी उचलायला वाकले तर ओरडल्या, "हात लावू नको! आधी मी बघते." आणि त्यांनी स्वतःला असं तपासलं जसं दुसऱ्याच कुणाला तपासत आहेत. पायाची बोटं हलवली, गुडघा वाकवला, कमरेच्या हाडावर मूठ दाबली. "खुबा शाबूत हाय." मग उजवं मनगट उचललं. ते फुगायला लागलं होतं. "हे गेलं."

मी रडत होते. माझ्या घागरीनं झालं होतं, आणि आता तो कागद होता. मी म्हटलं, "सिस्टर, जिन्याचं कुणाला कळायची गरज नाही. न्हाणीच्या दारात हात अडकला म्हणू. मी पण तेच सांगेन."

कोर्टात मी रोज खोटं टाइप करते. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सिस्टरांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. "बत्तीस वर्षं लोक माझ्याफुडं हेच सांगत आले," त्या म्हणाल्या. "न्हाणीचं दार. रिक्षातनं उतरताना. खरी जागा कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती जागा कुणी दुरुस्त करत नव्हतं. म्हैनाभरानं तोच पेशंट परत. फोन आण."

डाव्या हातानं त्यांनी मुलाला फोन लावला. "पडले. जिन्यावर. घागर ठेवली होती पायरीवर, माझीच चूक. गाडी घेऊन ये." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

प्लास्टर घालून त्या पुण्याला गेल्या. सातवा मजला, लिफ्ट, घरात एकही पायरी नाही. इकडं आमची सकाळ बिघडली. सात वाजता नवरा उगाच घड्याळाकडं बघायचा. टोपली गच्चीच्या कठड्याला लटकलेली, तिच्यात चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या. पंधरा दिवसांनी फोन आला.

"कसं आहे, सिस्टर?"

"एक नंबर हाय. सगळं सपाट. न्हाणीत दोन दांडे, मी सांगायच्या आधीच लावलेले. पोरानं जीव लावून केलंय सगळं."

"मग बरं झालं की."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण मला कुठं जायचंच नाय गं इथं. घरातनं लिफ्टमधी, लिफ्टमधनं बागेत, बागेतनं लिफ्टमधी. कुणाचं काय मोडायच्या बेतात हाय का ते बी कळत नाय."

ते त्यांनी लवकरच शोधून काढलं. आठवड्याभरात मुलाचा फोन. "ताई, आईला जरा समजवाल का? सहाव्या मजल्यावरची तीन पायपुसणी आमच्या घरात सापडलीत. सोसायटीची मीटिंग बोलावलीय."

मी समजावलं नाही. मला इतका आनंद झाला होता की फोन ठेवून मी नवऱ्याला चहा करून दिला.

प्लास्टर निघाल्यावर त्या परत आल्या. मुलानं कागदाची आठवण करून दिली तर म्हणाल्या, "राहायला जाईन लिव्हलंय, गेले. किती दिवस ते लिव्हलंय का? विचार, टाइप करणारी हितंच हाय." मुलगा हसला, पण या वेळी हलायला तयार नव्हता. मनगटावर भागलं, पुढच्या वेळी भागणार नाही, हे तो डोळ्यांत पाणी आणून बोलला. आई खाली राहत असेल तरच तो तिला इथं ठेवून जाणार होता. मग माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही..."

"आम्ही वर जातो," मी म्हटलं. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. घागर माझी होती.

सगळे सिस्टरांकडं बघायला लागले. त्या जिन्याकडं गेल्या आणि चौथ्या पायरीवर बसून राहिल्या. तासभर. शेवटी मी चहा घेऊन गेले, एका हातात कप, दुसरा हात पाइपावर. त्यांनी ते बघितलं आणि शेजारी जागा केली.

"आमचं गाव सोयगावाकडलं," त्या म्हणाल्या. "आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आई मोठ्या घरी सरपण टाकायला जायची. डोक्यावर भारा. दाराला तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर आमच्या माणसानं पाय ठेवायचा नाय. आई खाली उभी राहायची, मी तिच्या पदराला धरून. पाणी मागितलं तर वरच्या पायरीवरून ओंजळीत वतायचे. तवाच ठरवलं, घर बांधीन तर माडीचं बांधीन आन माडीवर राहीन. आईला वर नेऊन बसवीन."

"मग आल्या त्या?"

"घर झालं तवर तिचे गुडघे गेले होते." सिस्टरांनी चहा खाली ठेवला नाही, हातातच धरून ठेवला. "चार पायऱ्या चढली आन हितं बसली. ह्या इथं. म्हणली, माय, मी हितंच बरी. मी म्हणलं, खुर्चीत घालून नेते. तर तिला लाज वाटली. परत आलीच नाय ती. माझ्या घरात बी माझी आई पायरीवरच बसली."

मी त्यांच्या त्या बऱ्या झालेल्या मनगटावर हात ठेवून बसले.

"इतकी वर्षं मी वर राह्यले जिद्दीनं," त्या म्हणाल्या. "आन लोकांच्या पायऱ्या नीट करत फिरले. हा जिना मीच बांधला, त्याचं कुणाला सांगणार?" मग पदरानं डोळे पुसले, उठल्या, आणि मोजत न बसता चार पायऱ्या उतरून मुलाला म्हणाल्या, "मी खाली येते. पन दार मी माझ्या मनासारखं करून घेनार."

आठवड्यात आम्ही वर गेलो आणि त्या खाली आल्या. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. खालच्या घराच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, त्या त्यांनी फोडायला लावल्या. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, त्यामुळं उताराचा रस्ता फाटकापासून थेट अंगणातून यावा लागला, आणि मोगरा मधोमध येत होता. तो मी माझ्या हातानं खणून काढला. गवंड्याला मात्र पटत नव्हतं. घराला एक तरी पायरी पाहिजे, असं तो दोनदा म्हणाला. शेवटी दोरी धरून विचारलं, "बरं, उतार किती ठेवू ते तरी नीट सांगा."

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. फाटकापाशी गेल्या आणि तिथून दाराकडं बघत म्हणाल्या, "म्हातारी बाई हाय असं धर. गुडघे गेलेले. डोक्यावर सरपणाचा भारा. ती कुठं बी न थांबता, कुणाचा हात न धरता, सरळ आत आली पायजे. तेवढा उतार ठेव."

गवंड्यानं मान डोलावली, दोरी थोडी खाली घेतली आणि खुंटी ठोकता ठोकता विचारलं, "कोण येणार हाय, सिस्टर?"

"यायची होती," त्या म्हणाल्या. "तू सिमेंट कालव."